पेशवाई बुडाली त्या वर्षीचे जहाज

शके १७३९, ईश्वरनाम संवत्सर. त्या वर्षीच्या आश्विनाची हकीगत मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. दसरा १९ ऑक्टोबर १८१७ रोजी होता. दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात सीमोल्लंघनाचा मोठा थाट केला, सरदारांची पथके गोळा झाली, आणि रेसिडेंट एलफिन्स्टन संगमावरून हे सगळे डोळ्यांत तेल घालून पाहत राहिला. पुढे आश्विन वद्य एकादशीला, म्हणजे ५ नोव्हेंबरला, खडकीच्या माळावर लढाई झाली. दिवाळी अगदी तोंडाशी आली होती. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढची कथा इथे सांगत बसण्याचे कारण नाही. सणासुदीच्या दिवसांत ती कोणाला गोडही लागावयाची नाही.

परंतु त्याच आश्विनात, दसऱ्याच्या सात दिवस अगोदर, मुंबईत आणखी एक गोष्ट घडली होती आणि तिची आठवण मात्र आपल्याकडे फारशी कोणी ठेवलेली नाही. १२ ऑक्टोबर १८१७. नवरात्र नुकते बसलेले, अमावास्या उलटून उधाणाचे दिवस आलेले. त्या दिवशी मुंबईच्या गोदीतून एक नवे कोरे लढाऊ जहाज पाण्यात उतरले. नाव ‘त्रिंकोमाली’. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, पूर्व किनाऱ्यावरील बंदराचे हे नाव. लांबी १५० फूट, रुंदी ४० फुटांना किंचित कमी, भार हजार टनांच्या वर, आणि सर्वांग सागवानाचे. इंग्रजी आरमारात ज्या चपळ, मध्यम आकाराच्या जहाजांना फ्रिगेट म्हणत त्या वर्गातले, ३८ तोफांच्या मापाचे.

पेशवाई त्या वर्षी बुडाली. जहाज अजून तरंगते आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तिथे गेल्यास तीन डोलकाठ्यांनिशी, तोफांची तोंडे बाहेर काढून उभे असलेले त्रिंकोमाली पाहावयास मिळते. पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत त्याच्याहून जुनी दुसरी नाही. नेल्सनचे प्रसिद्ध ‘व्हिक्टरी’ बावन्न वर्षांनी वडील आहे खरे, पण त्याने पाणी सोडल्याला शंभरावर वर्षे झाली. ते पोर्टस्मथच्या कोरड्या गोदीत विसावले आहे. तेव्हा इंग्रजांच्या आरमाराची जी शान आज लाटांवर हलते-डुलते आहे, ती मुंबईच्या सुतारांच्या हातची आहे. हे वाचून अभिमान वाटावा की मन खट्टू व्हावे, हे आम्हांला अजून नीटसे ठरवता आलेले नाही.

मुळात मुंबईत एवढी मोठी जहाजे बांधली कशी जाऊ लागली? १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचे एक पारशी कारागीर काही सुतार बरोबर घेऊन मुंबईस आले. कंपनीला बंदर चांगले मिळाले होते, पण जहाज बांधणारे हात नव्हते. ते हात लवजींनी पुरवले. १७५० मध्ये तिथे पहिली कोरडी गोदी झाली. पुढे १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. ते जाळणाऱ्या इंग्रजांना हाक मारली होती नानासाहेब पेशव्यांनीच. वाघोटणच्या खाडीत गिर्ये गावाजवळ आंग्र्यांची स्वतःची गोदी होती. तिचे अवशेष आजही दाखवतात. आंग्र्यांच्या पदरीही उत्तम सुतार होते, आणि गुराबा-गलबते बांधण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. परंतु ज्या कारागिराचा धनी गेला त्याची कारागिरीही जाते. मुंबईच्या गोदीला मात्र धनी होता, पैसा होता आणि मलबारच्या डोंगरांतले सागवान होते.

ह्या सागवानाबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण आपल्या गोष्टीचा खरा नायक तोच आहे. इंग्रज आपली जहाजे ओक नावाच्या झाडाच्या लाकडाची बांधत. नेपोलियनशी वीस वर्षे युद्ध चालले, त्यात जहाजे बांधता बांधता इंग्लंडातले ओक पुरेनासे झाले. शिवाय ओकमध्ये एक खोड आहे: त्याच्या अंगातल्या आंबट रसाने लोखंडी खिळे-बोल्ट खाल्ले जातात. सागवानाच्या अंगी तेल असते. ते खिळ्याला गंज चढू देत नाही आणि किड्यालाही सहसा शिरू देत नाही. लढाईत तोफेचा गोळा बसला म्हणजे ओकच्या ढलप्या भाल्यासारख्या उडत आणि गोळ्यापेक्षा त्यांनीच अधिक माणसे मरत. सागवान त्या मानाने कमी फुटते. इंग्लंडातली जहाजे बारा वर्षांत नवी करावी लागतात आणि मुंबईची पन्नास वर्षे टिकतात, असे त्या काळचे जाणकार म्हणत. मुंबईचे कारागीर फळी नुसती फळीला भिडवीत नसत. कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवीत. अशा सांध्यात पाणी शिरावयाचे तरी कोठून?

१७९२ पासून ह्या गोदीचे मुख्य मिस्त्री होते लवजींचे नातू जमशेटजी बमनजी. हा मोठा विलक्षण पुरुष. कधी इंग्लंडला गेले नाहीत, पण इंग्लंडच्या आरमारखात्याला त्यांनी जहाजे बांधून दिली. १८१० साली त्यांनी ‘मिंडेन’ पाण्यात लोटले. चौऱ्याहत्तर तोफांचे, लढाईच्या मुख्य रांगेत उभे राहणारे एवढे मोठे जहाज ब्रिटनबाहेर तोवर इंग्रजांनी कधी बांधवून घेतलेले नव्हते. १८०४ मध्ये कंपनीने त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली. त्यांच्या तसबिरीत ती कमरेच्या शेल्यात खोचलेली दिसते. अंगात पांढरा जामा, डोक्याला पागोटे. जमशेटजींची एक आख्यायिका गोदीत सांगत असत. १८०० साली बांधलेले ‘कॉर्नवॉलिस’ नावाचे जहाज पुढे दुरुस्तीसाठी आत घेतले, तेव्हा तळच्या तुळईवर कोरलेला इंग्रजी मजकूर सापडला. त्याचा मतलब असा की, हे जहाज एका मेल्या काळ्या माणसाने बांधले, इसवी सन १८००. म्हणे जमशेटजींनी तो स्वतः कोरून ठेवला होता. साहेब लोक ज्या शब्दांनी हाक मारीत, तेच शब्द साहेबांच्या जहाजाच्या पोटात लपवून ठेवले. गोष्ट खरी असो वा नसो, आम्हांला मोठी आवडते.

आता त्रिंकोमालीकडे वळू. ह्या जहाजाचा जन्मच मुळी अडखळत झाला. आरमारखात्याने ते १८१२ च्या ऑक्टोबरात बांधावयास सांगितले, आणि नकाशे ‘जावा’ नावाच्या फ्रिगेटवर चढवून मुंबईकडे रवाना केले. ‘जावा’वर मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या तळाला ठोकावयाचे तांब्याचे पत्रेही होते. त्या दिवसांत इंग्लंडचे अमेरिकेशीही युद्ध जुंपले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘जावा’ची गाठ ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या अमेरिकन फ्रिगेटशी पडली. काही तास तोफा चालल्या. ‘जावा’च्या डोलकाठ्या मोडल्या, कप्तान लॅम्बर्टला गोळी लागून तो पुढे मरण पावला. अमेरिकनांच्या सुकाणूचे चाक लढाईत उडाले होते, म्हणून त्यांनी ‘जावा’चे चाक काढून स्वतःच्या जहाजाला लावले आणि ‘जावा’ला आग लावून दिली. त्रिंकोमालीचे नकाशे गेले ते तिथेच.

परंतु ‘जावा’वरचा एक उतारू वाचला, आणि वाचकहो, त्याची ओळख मराठी माणसाला चांगली आहे. तो म्हणजे सर टॉमस हिस्लॉप, मुंबईच्या फौजेचा सेनापती नेमला जाऊन हिंदुस्थानाकडे निघालेला. (नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजशी ह्याचा काही संबंध नाही, ते नाव स्टीफन हिस्लॉप ह्या पाद्र्यावरून पडले.) अमेरिकनांनी त्याला वचनावर सोडून दिले. तो घरी परतला, पुन्हा निघाला, ह्या खेपेस मद्रासेचा सेनापती होऊन. आणि त्रिंकोमाली पाण्यात उतरल्याला दहा आठवडे होतात न होतात तोच, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरला त्याने होळकरांच्या फौजेचा पराभव केला. पुढल्या फेब्रुवारीत खानदेशातून जाताना तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यात त्याची माणसे मारली गेली, तेव्हा त्याने आतल्या शिबंदीची कत्तल होऊ दिली आणि किल्लेदार तुळशीराम मामा ह्याला बुरुजावर फासावर लटकावले. ह्या कृत्याबद्दल विलायतेतही त्याच्यावर टीका झाली. अमेरिकन गोलंदाजांनी त्या दिवशी आणखी दोन हात डावीकडे नेम धरला असता तर, असा विचार मनात येतो. पण इतिहासात अशा ‘तर’ला काही अर्थ नसतो.

असो. नकाशांची दुसरी प्रत मुंबईस येईपर्यंत मधली वर्षे गेली. १८१६ च्या उन्हाळ्यात जहाजाचा तळचा कणा मांडला, आणि पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी त्यात चांदीचा खिळा ठोकला. हा खिळा ठोकल्याशिवाय जहाजाला आयुष्य लाभत नाही अशी समजूत होती. पुढचे दीड वर्ष काम चालले. खर्च आला सुमारे २३,००० पौंड. सुतार, लोहार, करवत ओढणारे, फटींत ताग ठासून राळ भरणारे अशी कितीतरी माणसे त्यावर खपली असतील. त्यांतल्या एकाचेही नाव जहाजाच्या कहाणीत येत नाही. कप्तानांची नावे मात्र सगळी जपून ठेवलेली आहेत.

जहाज झाले खरे, पण ज्या युद्धासाठी सांगितले ते संपून गेले होते. वॉटर्लू होऊन दोन वर्षे उलटली होती. नेपोलियन सेंट हेलिनाच्या खडकावर बसून दिवस मोजीत होता. त्रिंकोमाली फिलिप हेन्री ब्रिजेस ह्याच्या हाताखाली इंग्लंडला निघाले, आणि वाटेत २४ जानेवारी १८१९ रोजी नेमके त्याच बेटाला लागले. सहा दिवस थांबले. परत निघताना जहाजावर एक जादा उतारू होता: जॉन स्टोको नावाचा आरमारी डॉक्टर. त्याच महिन्यात नेपोलियन आजारी पडल्याने स्टोकोला बोलावणे गेले होते, आणि त्याने रोग्याला रोगी म्हणण्याचा अपराध केला. बेटाचा गव्हर्नर हडसन लो ह्याला, कैदी खरोखरच आजारी आहे असे कागदावर आलेले नको होते. स्टोको इंग्लंडला पोहोचतो तोच त्याला उलट पावली सेंट हेलिनाला धाडले, आरमारी न्यायसभेपुढे उभे केले आणि नोकरीतून काढून टाकले. मुंबईच्या सागवानावरून नेपोलियनच्या खोलीतली बातमी अशी युरोपात गेली. त्याच सुमारास आपला बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या नेमणुकीवर गंगेकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिला होता. दोघेही गादी गमावलेले. पण एकावर पहारा करावयास इंग्रजांना फौज आणि आरमार ठेवावे लागले. दुसऱ्यावर एक कमिशनर पुरला. ह्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

३० एप्रिल १८१९ रोजी जहाज पोर्टस्मथला पोहोचले आणि तिथेच पडून राहिले. एक-दोन नव्हे, पाव शतकाहून अधिक! लढाया नसल्या म्हणजे आरमार आपली जहाजे डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून खाडीत बांधून ठेवीत असे. ह्या काळात जमशेटजी वारले, १८२१ मध्ये. त्यांनी आणि त्यांच्या घराण्याने बांधलेली दुसरी जहाजे जगभर गाजत होती. ‘एशिया’ १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत इंग्रज ॲडमिरलचे जहाज होते. ‘कॉर्नवॉलिस’वर (हे निराळे, १८१३ चे) १८४२ मध्ये चीनने नानकिंगच्या तहावर सही केली आणि हाँगकाँग गमावले. त्रिंकोमाली मात्र छपराखाली निजलेले. मधल्या काळात, १८३८ मध्ये, वाडिया घराण्यातले दोन तरुण, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, इंग्लंडला गेले, ते आगबोटी कशा बांधाव्यात हे शिकण्यासाठी. शिडांचे दिवस भरत आले हे मुंबईच्या गोदीला वेळीच कळले होते. त्या दोघांनी आपल्या प्रवासाचे पुस्तकही लिहिले आणि ते १८४१ मध्ये छापले गेले.

१८४५ मध्ये आरमारखात्याला ह्या निजलेल्या जहाजाची आठवण झाली. तपासणी केली तो लाकूड ठणठणीत. मग तोफा कमी करून २६ केल्या, पण प्रत्येक आधीच्याहून भारी. मागची बाजू नव्याने घडवली. आणि १८४७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्रिंकोमालीने पहिल्यांदा कामाची शिडे उभारली. पहिली तीन वर्षे कप्तान वॉरनच्या हाताखाली उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या पाण्यात गेली. हैतीमधला दंगा, क्यूबावर स्वारी होण्याची धास्ती, गुलामांची चोरटी वाहतूक करणाऱ्या जहाजांवर नजर, न्यूफाउंडलंडच्या मासेमारीची राखण अशी कामे होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध फिरणे हे त्याच्या आयुष्यातले आमच्या मते सर्वांत चांगले काम.

दुसरी मोहीम लांब पल्ल्याची. १८५२ मध्ये कप्तान वॉलेस हाऊस्टन ह्याने केप हॉर्नला वळसा घालून जहाज पॅसिफिक महासागरात नेले आणि पाच वर्षे ते तिकडेच होते. उत्तर ध्रुवाच्या बर्फात सर जॉन फ्रँकलिन आपल्या दोन जहाजांनिशी बेपत्ता झाला होता. त्याचा शोध घेणाऱ्यांना शिधा पोहोचवण्यासाठी त्रिंकोमाली अलास्काच्या टोकापर्यंत जाऊन आले. मलबारच्या दमट रानात वाढलेले लाकूड, आणि समोर बर्फाचे डोंगर! १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाची झळ पॅसिफिकलाही लागली, पेट्रोपावलोव्स्क येथे रशियनांशी लढाई झाली आणि तीत दोस्तांनी मार खाल्ला. तीत त्रिंकोमाली नव्हते. ह्या जहाजाच्या साऱ्या आयुष्यात शत्रूच्या जहाजाशी तोफेला तोफ लावून लढण्याचा प्रसंग आलाच नाही. कोणी ह्याला कमीपणा मानील. पण ‘जावा’चे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे, आणि तो सांगताना हात जरा जड होतो. १८५६ चा ऑगस्ट महिना. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर नावाचे मोठे बेट आहे. तिथे इंग्रजांची वसाहत नुकती मूळ धरीत होती. कौइचन खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांपैकी टॅथलासट ह्या तरुण सरदाराने टॉमस विल्यम्स नावाच्या गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडली. कारण बाईचे होते: टॅथलासटच्या वाग्दत्त वधूवर विल्यम्सची नजर गेली होती. विल्यम्स जखमी झाला, पण वाचला. तरीसुद्धा गव्हर्नर जेम्स डग्लस चारशेवर खलाशी आणि सैनिक घेऊन निघाला. ही माणसे त्रिंकोमाली आणि ‘मोनार्क’ ह्या दोन लढाऊ जहाजांची. वारा पडलेल्या त्या चिंचोळ्या पाण्यात शिडांचे काही चालेना, म्हणून ‘ऑटर’ नावाच्या एका आगबोटीने त्रिंकोमालीला ओढत नेले. टॅथलासटला पकडले, चौकशीचा उपचार उरकला आणि त्याच्याच माणसांदेखत त्याला झाडाला फाशी दिले. माणूस मेलेला नसताना फाशी!

थाळनेरचा बुरूज आणि कौइचनचे झाड ह्यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे. तरीही ही हकीगत प्रथम वाचली तेव्हा आम्हांला तुळशीराम मामाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आणि आठवण झाली ती मुंबईच्या त्या अनामिक सुतारांची, ज्यांनी खाचेत खाच बसवून तयार केलेल्या फळ्यांवरून ही फौज किनाऱ्यावर उतरली. सुताराला कोणी विचारून जहाज पाठवीत नाही. त्या परिसरातल्या एका सामुद्रधुनीला इंग्रजांनी त्रिंकोमालीचे आणि जवळच्या दुसऱ्या वाटेला कप्तान हाऊस्टनचे नाव दिले. ती नावे नकाशात अजून आहेत.

१८५७ मध्ये जहाज इंग्लंडला परत आले आणि चॅटमला नांगरले. इकडे त्याच साली बाजीरावाचा दत्तक पुत्र कानपुरात तलवार घेऊन उभा राहिला होता. पेशवाई बुडाली त्या वर्षी जन्मलेल्या जहाजाने आणि पेशवाईच्या वारसाने एकाच वर्षी आपला अखेरचा पराक्रम करावा, हा योगायोगच.

त्यानंतर ते जहाज राहिले नाही, शाळा झाले. नव्या पोरांना तोफा चालवावयास शिकवण्यासाठी आधी संडरलंड, मग वेस्ट हार्टलपूल, मग साउथॅम्प्टन अशा बंदरांत ते बांधून ठेवीत. १८९५ मध्ये तेही काम संपले, आणि १९ मे १८९७ रोजी ते जळाऊ लाकडाच्या भावाने एका भंगारवाल्यास विकले. इथे गोष्ट संपावयाची. संपली नाही ती दुसऱ्या एका जहाजाच्या मरणामुळे.

जॉर्ज व्हीटली कॉब नावाचा एक श्रीमंत गृहस्थ होता. त्याला जुन्या जहाजांचे वेड. नेल्सनचे एके काळचे निशाणी जहाज ‘फूद्रोयां’ आरमाराने विकले आणि ते जर्मन भंगारवाल्यांच्या हाती गेले. तेव्हा लोकांनी ओरड केली आणि कॉबने पदरचे पैसे मोजून ते सोडवून आणले, दुरुस्त केले, आणि खर्च भरून निघावा म्हणून समुद्रकिनाऱ्यावरच्या हवाशीर गावी प्रदर्शनासारखे फिरवू लागला. १६ जून १८९७ रोजी ब्लॅकपूलला वादळ झाले आणि नेल्सनचे जहाज किनाऱ्यावर आपटून फुटले. माणसे वाचली. दुसरा कोणी असता तर हाय खाऊन बसला असता. कॉबने शोध घेतला, तो महिन्यापूर्वीच भंगारात गेलेले एक सागवानी जहाज अजून शाबूत असल्याचे कळले. त्याने ते घेतले, डागडुजी केली, आणि दत्तक मुलाला घराण्याचे नाव लावावे तसे त्याला गेलेल्या जहाजाचे नाव दिले: ‘फूद्रोयां’. मुंबईच्या जहाजाला सिलोनी नाव होते, त्यावर आता फ्रेंच नाव चढले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ते ह्याच नावाने वावरले. त्रिंकोमाली हे नाव जाणकारांखेरीज कोणाच्या ओठी राहिले नाही.

कॉबने त्याचा उपयोग मुलांसाठी केला. फालमथच्या बंदरात आणि त्याच्या मरणानंतर, १९३२ पासून, पोर्टस्मथला, शाळकरी मुले सुटीत येऊन ह्या जहाजावर राहत. झोपावयास दोऱ्यांच्या झोळ्या, सकाळी उठून डेक घासावयाचे, होड्या वल्हवावयाच्या. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आरमाराने ते शिकवणीसाठी घेतले. त्याच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ नावाचे मोठे थोरले जहाज उभे असे, मूळचे फ्रेंच, ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेले. युद्ध संपल्यावर त्याच्या दुरुस्तीला पैसा उरला नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन्ही निशाणे फडकत ठेवून ते भर समुद्रात बुडवण्यात आले. शेजारचे सागवानी जहाज मात्र १९८६ पर्यंत पोरांना खेळवीत राहिले. इतक्या वर्षांत त्याच्या पोटात किती मुलांनी रात्री काढल्या असतील!

अखेर १९८७ मध्ये एका तराफ्यावर चढवून त्याला हार्टलपूलला नेले. तरुणपणी शिकवणीची नोकरी केली त्याच गावी म्हातारपणी परत येणे झाले. तिथल्या सुतार-लोहारांनी दहा वर्षांहून अधिक काळ खपून ते मूळ रूपात आणले. खर्च झाला एक कोटी पौंडांच्या आसपास. जमशेटजींचे २३,००० आठवले म्हणजे गंमत वाटते. कुजलेले भाग बदलले, तरी अंगातले निम्म्याहून अधिक लाकूड १८१७ चेच निघाले. इंग्लंडातल्या ओकचे असते तर काय उरले असते कोण जाणे. १९९२ मध्ये फ्रेंच नाव उतरले आणि त्रिंकोमाली पुन्हा त्रिंकोमाली झाले. आता ते रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे. तिकीट काढून आत जाता येते. उंच माणसाने मात्र खालच्या मजल्यावर डोके सांभाळावे.

आणि ज्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने १८१२ मध्ये त्याचे नकाशे जाळले, त्या अमेरिकन फ्रिगेटचे पुढे काय झाले? तेही आहे. १७९७ चे ते जहाज बॉस्टनच्या बंदरात अजून तरंगते आहे, त्रिंकोमालीहून वीस वर्षांनी वडील. आणि अटलांटिक महासागराच्या अल्याड-पल्याड दोघे म्हातारे अजून पाण्यावर तरंगत असतात.